घर बघण्याआधी नळाचा दिवस विचारला

धुळ्यात घर घ्यायचं म्हटलं की लोक आधी विचारतात देवपूर की पारोळा रोड, किती गुंठे, रेट काय चालू आहे. आम्ही घर शोधायला निघालो तेव्हा मी एजंटला पहिला प्रश्न विचारायचे की तिथे नळ कितव्या दिवशी येतात, किती वाजता येतात आणि किती वेळ चालतात. बऱ्याच एजंटांना याचं उत्तर देता यायचं नाही, त्यांना चौरस फूट पाठ असतात. ओळखीतल्या दोघीतिघी सध्या घर बघतायत आणि प्रत्येकीशी फोनवर तेच बोलणं होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून काढू.

आमच्या घरात पाच माणसं, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा साक्री तालुक्यात, सकाळची गाडी पकडायची म्हणजे सहाला घराबाहेर. मिस्टर एसटीत, त्यांच्या ड्युटीचा काही नेम नाही, कधी मुक्कामी गाडी कधी पहाटेची. आणि नळ येणार पहाटे चारला नाहीतर रात्री अकराला. भाड्याच्या घरात नळाचा दिवस आला की आदल्या दिवशी ड्रम घासून ठेवायचे, हंडे रिकामे करायचे, पिण्याचं पाणी जुनं झालं म्हणून ओतून द्यायचं (याचं मला फार वाईट वाटायचं, पण करतात सगळेच), आणि दोघं ड्युटीवर असलो की सत्तरीच्या सासूबाई एकट्या पाईप धरून उभ्या. घरातलं पाणी शेवटी बायकांच्याच हातून भरलं जातं, त्यामुळे घर कोणतं घ्यायचं यात बायकांचा शब्द पाण्यापासून सुरू व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाई माहेरच्या शिंदखेडा तालुक्यातल्या, १९७२ चा दुष्काळ त्यांनी खडी फोडून काढलेला. त्यांचं एकच म्हणणं होतं, "घर धाकलं ऱ्हायनं तरी चाली माय, पन पानीना वांधा नको." मिस्टरांना पार्किंग पाहिजे होतं, मुलीला स्वतःची खोली. सगळं मान्य, पण पहिली चाळणी पाण्याची असं आम्ही ठरवून टाकलं.

आता धुळ्याचं पाणी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे कळल्याशिवाय कॉलनी-कॉलनीतला फरक कळत नाही. शहराला एका ठिकाणाहून पाणी येत नाही. डेडरगाव आणि नकाणे हे जुने तलाव, मग तापीवरून बाभळ्याहून आणलेलं पाणी, आणि आता पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाचं. तापी आपल्यापेक्षा बरीच खाली आहे, म्हणजे ते पाणी पंपाने वर चढवावं लागतं, लाईट गेली किंवा मोठी पाईपलाईन कुठे फुटली की खालचं सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. अक्कलपाडा साक्री तालुक्यात, धुळ्याच्या वरच्या अंगाला, तिथून पाणी उताराने येतं. म्हणून नुसतं नळ आहे का हे विचारून भागत नाही, तुमच्या गल्लीला कोणता जलकुंभ आहे आणि त्या जलकुंभात कुठलं पाणी चढतं हे विचारायचं. एजंटला हे माहीत नसतं, घरमालकालाही नसतं बऱ्याचदा. माहीत असतं गल्लीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला.

आणि एक हिशोब मी वहीत मांडून ठेवला होता. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, सरकारी योजनांचं गणित त्यावरच असतं. पाच माणसं म्हणजे ६७५ लिटर. चौथ्या दिवशी नळ येत असेल तर २७०० लिटर साठवायची सोय पाहिजे, आठव्या दिवशी येत असेल तर ५४००. आपण काही १३५ वापरत नाही, भाड्याच्या घरात आम्ही त्याच्या निम्म्यात भागवायचो, पण घर घेताना कमीवर भागवायचं असं धरून घेऊ नये, उद्या कोणी आजारी पडलं, बाळंतपण आलं, तर पाणी लागतंच. हा आकडा डोक्यात असला की गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी बघून समाधान होत नाही.

पहिलं घर आवडलं ते शहराच्या कडेला, २०१८ च्या हद्दवाढीत जी गावं आत आली त्यातल्या एका भागात. रो हाऊस, नवं कोरं, पुढे गाडी लावायला जागा, दोन बाथरूम, दोन्हीत शॉवर, किचन असं की मुलगी लगेच फोटो काढायला लागली. जाहिरातीत '२४ तास पाणी' लिहिलेलं. आम्ही बघायला गेलो दिवाळीनंतर, तोटी सोडली तर धो धो पाणी. मी विचारलं हे पाणी कुठलं, तर बोअरचं. नळाची लाईन? "लाईन येणारच आहे ताई, सँक्शन आहे." दिवाळीनंतर खान्देशात कोणत्याही बोअरला पाणी असतं हो, पावसाळा नुकताच संपलेला असतो. मी म्हटलं आम्ही मे महिन्यात परत येऊन बघू, तर म्हणाले तोपर्यंत घर राहणार नाही. राहिलं होतं, ते पुढे सांगते.

एजंट मिस्टरांना गच्ची दाखवत होता तेवढ्यात मी समोरच्या ओळीतल्या एका ताईंकडे गेले. ओळीतल्या प्रत्येक घरासमोर निळे ड्रम होते आणि गेटला जाड काळा पाईप गुंडाळून टांगलेला, तो पाईप टँकरचा. ताईंना विचारलं तर त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं (जारचं), आणि म्हणाल्या फेब्रुवारी संपला की बोअर अर्धा तास चालतो मग हवा ओढतो, मोटार जळू नये म्हणून बंद करायची, चार तासांनी परत लावायची. मार्च ते जून टँकर, महिन्याला तीन तरी. पाच हजार लिटरचा एक टँकर उन्हाळ्यात नऊशेला पडायचा, आणि टँकरवाला ज्याची जुनी ओळख त्याला आधी देतो. त्यांचा नवरा बाहेरगावी, दोन लहान मुलं, टँकर कधीही येणार म्हणून त्या दुपारभर घर सोडू शकत नाहीत. त्या बाई माझ्याशी काही लपवून बोलल्या नाहीत, त्यांना घर विकायचं नव्हतं ना. घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या बाईशी बोलल्याशिवाय परत येऊ नका, हे मी आता सगळ्यांना सांगते.

मे महिन्यात आम्ही खरंच परत गेलो. घर तसंच होतं, रेट थोडा उतरला होता. शेजारच्या प्लॉटवर नवीन बोअर चालू होती. बोअरची गाडी लागली की तो आवाज असा असतो की माणसांना एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावं लागतं. जमिनीतून राखाडी भुकटी उडत होती, आधी मुरमाची तांबूस, मग काळ्या दगडाची, बारीक पिठासारखी, आजूबाजूच्या दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, सगळ्यांवर बसत होती. प्लॉटचा मालक तोंडाला रुमाल बांधून भोकाकडे बघत उभा. पाणाड्याने नारळ हातावर धरून जागा दाखवली होती म्हणे. दोनशे फुटाच्या पुढे एकदा ओलसर गारा आला, सगळे पुढे सरकले, एक रॉड गेला आणि परत कोरडी भुकटी. मालकाने हाताने खूण केली, अजून घाला. फुटाचा रेट खोल गेलं की वाढत जातो, तरी माणूस थांबत नाही कारण आतापर्यंतचे पैसे वाया गेले असं वाटतं. साडेतीनशेला त्यांनी थांबवलं. थोडं पाणी लागलं, तासाला ड्रमभर.

वडिलांचे एक स्नेही भूजल सर्वेक्षणातून रिटायर झालेले आहेत, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले आपल्या धुळ्या-साक्रीकडे खाली सगळा काळा पाषाण, त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर शंभर फूट बाजूला कोणाला लागलं म्हणून तुला लागेलच असं नाही. आणि धुळे-नंदुरबार पट्ट्यात डाईक फार आहेत. साक्री-नंदुरबारकडे जाताना रानात सरळ रेषेत गेलेले काळ्या दगडाचे उंचवटे दिसतात ना, ते. लाव्हा जमिनीच्या भेगेत घुसून तिथेच उभा थिजला, त्याची भिंत झाली. ही भिंत जमिनीखालीही असते, कुठे पाणी अडवून धरते तर कुठे तिच्याच भेगांतून पाणी वाहतं. म्हणून एकाच कॉलनीत एकाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आणि रस्त्यापलीकडच्याची कोरडी. ते म्हणाले खोल गेलं की पाणी वाढतं हा लोकांचा समज आपल्या दगडात चालत नाही, वरच्या शे-दोनशे फुटात जे आहे ते आहे. माझ्या डोक्यात हे एकदम बसलं. मी पंधरा वर्षं मुलांना परिसर अभ्यास शिकवते आणि त्या काळ्या उंचवट्यांच्या बाजूने रोज एसटीने जाते, पण त्यांचा आपल्या घराच्या बोअरशी एवढा जवळचा संबंध आहे हे त्या दिवशी कळलं.

तापीकाठची गोष्ट वेगळी. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इकडे खाली गाळाचे जाड थर आहेत, तिथे बोअर खोल जातात आणि पाणीही मिळतं, पण केळीला वर्षानुवर्षं एवढं उपसलंय की पातळी खाली खाली गेली. माझी मोठी बहीण फैजपूरला असते, ती सांगते आधी किती फुटावर पाणी होतं आणि आता मोटारी किती खाली सोडाव्या लागतात. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तापी खोऱ्याच्या मेगा रिचार्जचा करार झाला तो त्यासाठीच, सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरवायचं. होवो बाई लवकर. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले आणि विहिरींना पाणी आणलं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, म्हणजे जमिनीत पाणी घालता येतं. पण कॉलनीत कोणी घालत नाही, प्रत्येक प्लॉटवर नवीन भोक पाडतात आणि सगळी भोकं त्याच एका साठ्यातून ओढतात.

रो हाऊस तिथेच सुटलं. मुलगी दोन दिवस बोलली नाही.

मग एक फ्लॅट बघितला, मालेगाव रोडच्या बाजूला, चांगली बिल्डिंग, लिफ्ट, सासूबाईंना सोयीचं. तिथे नळ आहे पण कमी दाबाचा आणि फ्लॅट जास्त, त्यामुळे बोअर आणि टँकर. सेक्रेटरी म्हणाले उन्हाळ्यात थोडेफार टँकर लागतात. थोडेफार म्हणजे किती? मी वॉचमनकाकांकडे गेले. टँकर आला की वॉचमन वहीत सही करून घेतो, हिशोब असतो ना सोसायटीचा. त्यांनी वही दाखवली. एप्रिलमध्ये एक दिवस सुद्धा असा नव्हता की ज्याच्यापुढे नोंद नाही, काही दिवशी दोन. मेंटेनन्स हिवाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा हे तेव्हा कळलं. बोअरचं पाणी मी बाटलीत भरून घेतलं, माझ्याकडे छोटं टीडीएस मीटर आहे (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, लिटरला किती मिलिग्रॅम ते), शाळेत प्रयोगाला घेतलेलं, त्यावर चौदाशेच्या पुढे दाखवलं. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत बरं मानतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. त्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी बाथरूमच्या तोट्या दाखवल्या, पांढरा क्षार जमून निम्मी भोकं बंद, गीझरची कॉईल दरवर्षी बदलायची, साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही म्हणून स्वयंपाकालाही जारच. नुसतं पाणी आहे म्हणून चालत नाही, ते कसं आहे हेही बघायला लागतं.

माझा दीर पुण्याला वाघोलीत राहतो. त्याला फोन केला तर म्हणाला वहिनी आमच्याकडे तर वर्षभर टँकर, पावसाळ्यात सुद्धा, कोटीचा फ्लॅट आणि बाहेर टँकरची रांग. तिकडे पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू असं बिल्डरकडून हमीपत्र घेतात, पण सोसायटी ताब्यात आली की ते बिल रहिवाशांच्याच डोक्यावर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत काय झालं ते टीव्हीवर बघितलंच, मोठ्या पगाराची माणसं बादल्या घेऊन उभी. म्हणजे हे काही धुळ्या-जळगावचंच दुखणं नाही. आपल्याकडे एवढंच की घर स्वस्त आहे म्हणून लोक पटकन घेतात आणि मग टँकरमध्ये फेडतात. मी रो हाऊसचा हिशोब करून बघितला होता, महिन्याला तीन टँकर, नऊशे रुपयाने, मार्च ते जून चार महिने, म्हणजे वर्षाला दहा हजार आठशे, रोजचा एक जार वीस रुपयाचा धरला तर वर्षाचे सात हजारावर. वीस वर्षांचं कर्ज घेणार तर वीस वर्षांचा टँकरही त्यात धरायला पाहिजे, आणि टँकरचा रेट काही तेवढाच राहणार नाही.

नव्या लेआऊटमधलं घर बघत असाल तर कागदही पाण्याच्या नजरेने बघा. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी होते ते सरकारी प्राधिकरण, २०१७ पासून आहे, प्रोजेक्टचा नंबर टाकला की वेबसाईटवर माहिती निघते, त्यात रस्ते, ड्रेनेज, पाणीपुरवठा अशी कामं आणि त्यातलं किती टक्के झालं हे बिल्डरने भरलेलं असतं. एका ठिकाणी एजंट 'लाईन टाकलीय' म्हणाला आणि तिथे पाणीपुरवठ्यासमोर शून्य टक्के. दुसरं म्हणजे लेआऊट पालिकेकडे हस्तांतर झालाय का, नाही तर आतल्या लाईनची जबाबदारी कोणी घेत नाही. आणि जुनं घर असेल तर नळ कनेक्शन मालकाच्याच नावावर आहे का, पाणीपट्टीची शेवटची पावती, थकबाकी, सगळं खरेदीखताआधी.

आम्ही शेवटी जे घर घेतलं ते देवपुरातल्या एका जुन्या कॉलनीत, चाळीसेक वर्षांपूर्वीचं बांधकाम, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडी मोकळी जागा आणि त्या जागेत विहीर. शहाबादी फरशी, लाकडी खिडक्या, पार्किंग नाही, गाडी गल्लीत लागते. मुलीला खोली वर बांधून द्यायची असं ठरलं. रो हाऊसच्या मानाने लहान आणि चौरस फुटाचा रेट जास्त. नातेवाईक म्हणाले एवढ्या पैशात नवं मिळत होतं.

तिथलं पाणी मी फार नीट बघितलं. घरमालकीण काकूंना विचारून नळाच्या दिवशी पहाटे गेलो. जलकुंभ जवळ आणि गल्ली उताराला. व्हॉल्व्हमन सायकलवर आला, हातात ती लांब लोखंडी चावी, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पायाने सरकवलं, चावी आत घालून फिरवली, आणि खालून पाण्याचा आवाज आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, ही गल्ली आधी भरते, वरच्या टोकाला उशिरा जातं. इथे मोटार नाही लावली तरी येतं." मी मोटारीशिवाय तोटीखाली पंधरा लिटरची बादली धरली, पाऊण मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला वीस लिटर, दोन तासात चोवीसशे. आमच्या गणितात २७०० पाहिजे होते चार दिवसाला, इथे नळ चौथ्या दिवशी येत होता, उरलेलं विहिरीवर भागणार होतं. टीडीएस नळाचं तीनशेच्या आत, विहिरीचं सातशे, म्हणजे वापरायला उत्तम.

काका-काकू मुलाकडे नाशिकला जाणार होते. काकूंनी विहिरीवरची जाळी बाजूला करून दाखवली आणि न विचारता सांगितलं की २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तळ दिसला होता, एप्रिल-मे दोन महिने घागरभर सुद्धा नाही, बाकी वर्षी कमी होतं पण आटत नाही. हे ऐकून मला उलट खात्री वाटली. सासूबाई काठावर वाकून बघत राहिल्या बराच वेळ आणि मिस्टरांना म्हणाल्या, "हाईच ले भाऊ." बँकेच्या माणसाने येऊन भिंती मोजल्या, रस्त्याची रुंदी मोजली, बांधकामाचं वय विचारलं. विहिरीला त्याच्या रिपोर्टात जागा नव्हती, आमच्या हिशोबात मात्र तिची किंमत धरलेली होती, आणि भाव करताना मी काकूंशी त्यावरून ताणून धरलं नाही.

राहायला जायच्या आधी दोन कामं करून घेतली. मागच्या अंगणात हौद, आठ बाय पाच आणि पाच फूट खोल, घनफुटाला साधारण २८ लिटर धरा, म्हणजे साडेपाच हजार लिटरच्या वर. चौथा दिवस आठवा झाला तरी चालावं म्हणून एवढा. आणि विहीर उपसून घेतली. उपसणाऱ्या माणसांनी उतरायच्या आधी पेटता दिवा दोरीने खाली सोडला, तो तळापर्यंत जळत राहिला तेव्हाच आत उतरले, आत खराब हवा असली तर माणूस गुदमरतो, हे कोणी घाईत टाळू नये. गाळ, प्लास्टिक, एक पितळी तांब्या निघाला, तो काकूंना नाशिकला पाठवला.

मग गच्चीचं पाणी विहिरीत सोडलं. आमची गच्ची नऊशे चौरस फूट, धुळ्याचा पाऊस बेताचा, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तरी वाया जाणारं सोडून पस्तीस हजार लिटरच्या वर पाणी होतं. पाईपच्या मध्ये खड्डा करून खडी, वाळू, कोळसा भरला, पहिला पाऊस बाहेर काढून द्यायचा कारण गच्ची धुतली जाते त्यात. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटला हे सक्तीचं आहे, आमचा प्लॉट त्याच्या निम्मा सुद्धा नाही, पण नऊ-दहा हजारात झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर येऊन पुलांवरून पाणी गेलं होतं, आणि त्याच शहरात आपण मे महिन्यात टँकर मागवतो. आपल्या छपरावर पडलेलं तरी खाली मुरवावं.

पहिला उन्हाळा निघाला. मे अखेरीला विहिरीत चारेक फूट पाणी होतं, टँकर लागला नाही. नळाच्या दिवशी आता घरी कोणी नसलं तरी हौदाचा फ्लोट वॉल्व्ह भरला की बंद होतो, सासूबाई झोपून असतात.

राहिला प्रश्न गल्लीतल्या मोटारींचा. उतारावर असल्यामुळे आम्हाला मोटार लागत नाही, पण गल्लीत चार-पाच जण नळाला डायरेक्ट टिल्लू पंप लावतात आणि मग वरच्या टोकाच्या घरांना थेंबभर येतं. वरच्या टोकाला एक म्हातारे गुरुजी एकटे राहतात, त्यांच्याकडे तर पाणी पोचायचंच नाही. मिस्टरांचं गाव पांझरेकाठी, तिथे फड पद्धत होती, बंधाऱ्याचं पाणी पाटाने फिरायचं, पाटकरी ठरवेल त्या क्रमाने ज्याच्या त्याच्या शेताला मिळायचं, मधेच कोणी पाट फोडून घेतला तर सगळं गाव जाब विचारायचं. शेकडो वर्षं चाललं ते. मिस्टरांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये हेच उभं राहून सांगितलं, की पहिला तासभर कोणी मोटार लावायची नाही, वरच्या टोकाला पाणी पोचलं की मग ज्याला लावायची त्याने लावा. बायका सगळ्या लगेच हो म्हणाल्या. आता नळाच्या दिवशी गुरुजी पाणी आलं की फोन करतात आणि मग बाकीच्यांच्या मोटारी सुरू होतात. कोपऱ्यावरचं एक घर अजून ऐकत नाही, तळमजल्यावर भाडेकरू आहेत आणि मालक सुरतेला असतो, दिवाळीत तो आला की त्याच्याशी बोलायचं ठरलंय.